मांजराच्या दृष्टिपेशी उजेड मोजतात की उजेडातला फरक?

संधिप्रकाश

डोळ्यात जितका जास्त उजेड शिरेल तितक्या वेगाने दृष्टीच्या चेतापेशी स्पंद (विजेचे क्षणिक ठोके) पाठवतात आणि त्या वेगावरून मेंदूला उजेडाचे प्रमाण कळते, अशी समजूत दृष्टीविषयीच्या सामान्य लेखनात वारंवार आढळते. मांजराच्या दृष्टिपटलावर (डोळ्याच्या आतल्या, उजेड टिपणाऱ्या पडद्यावर) गेल्या सत्तर वर्षांत जे प्रयोग झाले, त्यांच्यापुढे ही समजूत टिकत नाही. मात्र तिच्या जागी जे दुसरे विधान सर्रास केले जाते, म्हणजे ‘या पेशींना फक्त फरक कळतो, उजेड कळतच नाही’, तेही मला पूर्ण पटलेले नाही. म्हणून हा धागा.

सुरुवात स्टीफन कफ्लर यांच्या १९५३ च्या कामापासून करणे योग्य ठरेल. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात त्यांनी भूल दिलेल्या मांजराच्या अखंड डोळ्यात सूक्ष्म विद्युताग्र नेऊन एकेका गँग्लियन पेशीचे स्पंद टिपले. गँग्लियन पेशी हा दृष्टिपटलाचा शेवटचा थर. तिचाच लांब तंतू नेत्रमज्जेतून मेंदूकडे जातो. त्यांच्याकडे असे उपकरण होते की दृष्टिपटलावर एकीकडे सर्वत्र सारखा पार्श्वप्रकाश ठेवता येई आणि दुसरीकडे हवा तेथे प्रकाशाचा बारीक ठिपका टाकता येई. ठिपका सरकवत नेल्यावर असे दिसले की प्रत्येक पेशीच्या ग्राहक क्षेत्राचे, म्हणजे ज्या जागेवरच्या उजेडाने तिचे स्पंद बदलतात त्या जागेचे, दोन भाग असतात. मधल्या गोलाकार भागावर उजेड पडला की काही पेशींचे स्पंद वाढतात, आणि तोच ठिपका भोवतीच्या कड्यावर नेला की त्याच पेशीचे स्पंद मंदावतात. कड्यावरचा उजेड मालवला की मग ते उसळतात. या ऑन-केंद्री पेशी. ऑफ-केंद्री पेशींमध्ये सारे नेमके उलट होते.

खरा मुद्दा पुढे आहे. केंद्र आणि कडे या दोहोंवर एकाच वेळी सारखा उजेड पाडला, तर दोन्ही परिणाम एकमेकांना बव्हंशी खोडून काढतात आणि पेशीचा प्रतिसाद केंद्रापुरत्या ठिपक्याला मिळणाऱ्या प्रतिसादापेक्षा कितीतरी दुबळा राहतो. ही पेशी म्हणजे तराजू आहे. दोन्ही पारड्यांत सारखे वजन वाढवत गेलात तर काटा फारसा हलत नाही.

काळाच्या बाबतीतही तोच प्रकार. केंद्रावर दिवा लावताच क्षणभर स्पंदांची सर येते, तिचा वेग सेकंदाला शे-दोनशेपर्यंत जाऊ शकतो, आणि दिवा तसाच तेवत असताना सेकंदाच्या काही अंशातच तो वेग बराच खाली येतो. म्हणजे जागेतला फरक आणि काळातला फरक, दोन्ही ठळक होतात आणि जे स्थिर व सारखे आहे ते दबते. असे असेल तर उजेडाची एकूण पातळी, म्हणजे भर दुपार आहे की सांज, हे मेंदूला कशावरून कळते? जाणकारांनी यावर लिहावे.

अर्धविराम

एक मूलभूत शंका. प्रकाशग्राही पेशी तर सर्व एकाच तऱ्हेने वागत असतील. मग एकाच उजेडाने काही पेशी उत्तेजित आणि काही शांत, ही फाटाफूट नेमकी कोठे होते?

पेशीवेल्हाळ

ती फाटाफूट पहिल्याच सांध्यावर होते, आणि तिची रचना बरीच अनपेक्षित आहे. पृष्ठवंशी प्राण्यांच्या प्रकाशग्राही पेशी, शंकू (भरपूर उजेडासाठीच्या) असोत वा शलाका (मंद उजेडासाठीच्या), अंधारात अधिक सक्रिय असतात. अंधारात त्या ग्लुटामेट हे रसायन सतत सोडत राहतात आणि उजेड पडला की ते सोडणे कमी होते. त्यांच्यापुढे द्विध्रुवी पेशी असतात. ऑफ-प्रकारच्या द्विध्रुवी पेशींना ग्लुटामेट उत्तेजित करते, त्यामुळे त्या अंधाराबरोबर चढतात. ऑन-प्रकारच्या पेशींवर वेगळाच ग्राहक (रसायन ओळखणारा रेणू) असतो, त्याला एमग्लुआर६ म्हणतात. तो ग्लुटामेटला उलटा प्रतिसाद देतो. रसायन घटले की पेशी चढते, म्हणजे उजेडाबरोबर चढते. एकाच संदेशाची दोन विरुद्ध चिन्हे येथे तयार होतात आणि पुढे बाह्यकापर्यंत (मेंदूच्या बाहेरच्या थरापर्यंत) ती बऱ्याच अंशी वेगळी राहतात.

हे दोन मार्ग खरोखर वेगळे आहेत याचा थेट पुरावा मांजरातूनच मिळाला. ऑन-द्विध्रुवी पेशींच्या ग्राहकावर ग्लुटामेटसारखेच काम करून त्या पेशी दाबून ठेवणारे एपीबी नावाचे द्रव्य डोळ्यात सोडून हॉर्टन आणि शेर्क यांनी १९८४ मध्ये थॅलॅमसच्या जेनिक्युलेट केंद्रकातील (डोळ्याकडून बाह्यकाकडे जाणाऱ्या वाटेवरच्या मेंदूतील थांब्यातील) पेशी तपासल्या. ऑन-केंद्री पेशी उजेडाला उत्तर देईनाशा झाल्या, परंतु ऑफ-केंद्री पेशींचे केंद्र आणि त्याचे विरोधी कडे दोन्ही शाबूत राहिले. ऑफ पेशीचे कडे ऑन मार्गाकडून उसने घेतलेले असावे असा तर्क पूर्वी कोणी केला असेल, तर तो येथे बाद होतो.

मृगशीर्ष

हे सर्व मांजरावरच का? बेडकावर हार्टलाइन यांनी १९३८ मध्ये ऑन, ऑफ आणि ऑन-ऑफ असे तंतू आधीच वेगळे केले होते ना?

संधिप्रकाश

केले होते, आणि त्यांना १९६७ मध्ये नोबेलही मिळाले. परंतु बेडकाच्या दृष्टिपटलात बरीच प्रक्रिया तेथेच उरकली जाते आणि पुढे सस्तन प्राण्यासारखे विकसित बाह्यक नसते. मांजराचा डोळा मोठा, त्याचे प्रकाशशास्त्र चांगले, नेत्रमज्जेत सुमारे पावणेदोन लाख तंतू, आणि दृष्टिपटलापासून बाह्यकापर्यंतचा मार्ग आपल्या मार्गाशी तुलना करण्याजोगा. शिवाय त्याच्या दृष्टिपटलात शलाकांचे प्राबल्य असल्याने मंद उजेडाचा अभ्यास सोयीचा होतो. कफ्लर यांच्याच प्रयोगशाळेत १९५८ मध्ये ह्यूबेल आणि वीझेल यांनी मांजराच्या बाह्यकाकडे मोर्चा वळवला. पडद्यावरच्या ठिपक्यांना दाद न देणारी एक पेशी काचेची पट्टी यंत्रात सरकवताना तिच्या कडेच्या सावलीला एकाएकी जोरात उत्तर देऊ लागली, हा प्रसंग त्यांनी स्वतःच नोंदवला आहे. १९८१ च्या नोबेलमध्ये रॉजर स्पेरी यांच्यासह हे दोघे होते.

या धाग्यापुरते त्यांचे महत्त्वाचे निरीक्षण असे की संपूर्ण दृश्यक्षेत्र एकसारखे उजळले तर बाह्यकातील बहुतेक पेशी जवळपास उदासीन राहतात. गँग्लियन पेशीत जी प्रवृत्ती अर्धवट दिसते ती येथे टोकाला पोचते. (या प्रयोगांत प्राण्यांचे बळी गेले, ही गोष्ट मला बाजूला टाकावीशी वाटत नाही, पण तो विषय स्वतंत्र धाग्याचा आहे.)

तटस्थ निरीक्षक

मूळ लेखात सर्व गँग्लियन पेशी एकाच मापाने मोजल्या गेल्या आहेत. १९६६ मध्ये क्रिस्टिना एनरॉथ-कुगेल आणि जॉन रॉबसन यांनी जो भेद दाखवला त्याशिवाय बदलाला प्रतिसाद म्हणजे काय हे नीट सांगता येत नाही, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

त्यांनी ठिपक्यांऐवजी उजळ आणि गडद पट्ट्यांची जाळी वापरली, जिच्यात उजेड एका पट्ट्याकडून दुसऱ्याकडे हळूहळू बदलत जातो. युक्ती अशी की जाळी आणून काढून घेतली तरी पडद्याची सरासरी दीप्ती (उजळपणा) तीच राहते; बदलते ती फक्त उजेडाची मांडणी. आता जाळी ग्राहक क्षेत्रावर अशी बसवता येते की क्षेत्राच्या एका अर्ध्या भागात जितका उजेड वाढेल तितकाच दुसऱ्या अर्ध्यात घटेल. पेशी जर क्षेत्रातील उजेडाची साधी बेरीज-वजाबाकी करत असेल तर अशा स्थितीत तिने काहीच उत्तर देता कामा नये. काही पेशींच्या बाबतीत नेमके तसेच झाले, आणि त्यांना एक्स पेशी म्हटले गेले. दुसऱ्या काही पेशींसाठी अशी स्थिती सापडेचना. जाळी कोठेही ठेवा, ती आली तरी स्पंदांची सर, गेली तरी स्पंदांची सर. या वाय पेशी.

म्हणजे एक्स पेशीचा प्रतिसाद ‘माझ्या केंद्रावर भोवतालापेक्षा किती अधिक किंवा उणे उजेड आहे’ या स्वरूपाचा आहे आणि स्थिर चित्राला ती बराच काळ उत्तर देत राहते. वाय पेशीचा प्रतिसाद ‘माझ्या परिसरात काहीतरी बदलले’ इतकाच, मग ते उजळले असो वा मावळले; आणि तो लवकर ओसरतो. क्लीलँड, डुबिन आणि लेविक यांनी १९७१ मध्ये टिकाऊ आणि क्षणिक असे जे दोन वर्ग केले, ते याच भेदाशी बरेच जुळतात. वाय पेशी संख्येने थोड्या, शंभरात चार-पाच, पण त्यांची क्षेत्रे मोठी आणि तंतू जाड, त्यामुळे त्यांचा संदेश मेंदूत आधी पोचतो. अचानक हललेल्या सावलीला मांजर ज्या चपळाईने दचकते, त्यात या पेशींचा वाटा असावा असे मानायला जागा आहे. तरी दचकणे आणि एका पेशीचे स्पंद यांच्यामध्ये पुष्कळ टप्पे आहेत, हे विसरू नये.

कोनाडा

मला मूळ प्रश्नावर यायचे आहे, कारण ‘एकूण उजेड दबतो’ हे विधान मला फार सरसकट वाटते.

पहिली गोष्ट, या पेशी कधीच गप्प नसतात. पूर्ण अंधारातही आणि स्थिर उजेडातही त्या स्पंद पाठवत राहतात; कफ्लर, फिट्झह्यू आणि बार्लो यांनी १९५७ मध्ये याच विषयावर सविस्तर काम प्रसिद्ध केले. दुसरी, बार्लो आणि लेविक यांनी १९६९ मध्ये पार्श्वप्रकाशाची पातळी प्रचंड पल्ल्यात बदलून हा स्थिर वेग मोजला, तेव्हा बहुतेक पेशींत त्याचा पातळीशी सरळ संबंध दिसला नाही. परंतु मोजक्या पेशी अशा निघाल्या की त्यांचा वेग पातळीबरोबर एकाच दिशेने बदलत होता. त्यांना त्यांनी दीप्ती-पेशी म्हटले. तिसरी, मेलॅनॉप्सिन हे रंगद्रव्य असणाऱ्या गँग्लियन पेशी, ज्या शंकू-शलाकांच्या मदतीशिवाय स्वतःच उजेड टिपतात, मांजराच्या दृष्टिपटलातही आढळल्या आहेत. सस्तन प्राण्यांत अशा पेशी बाहुलीचा आकार आणि दिवस-रात्रीचे शारीरिक चक्र यांच्याशी जोडलेल्या असतात, आणि तेथे फरक नव्हे तर पातळीच लागते.

तेव्हा उजेडाची पातळी मेंदूला कळतच नाही असे म्हणता येणार नाही. ती थोड्या पेशींच्या वाटेने आणि सावकाश कळते. मुख्य रस्ता फरकासाठी राखलेला आहे, इतकेच.

संधिप्रकाश

कोनाडा यांचा युक्तिवाद मला मान्य आहे. त्यातून एक उपप्रश्न निघतो. चांदण्यारहित रात्र आणि भर दुपार यांच्या उजेडात अब्जावधी पटींचे अंतर आहे, आणि पेशीकडे मात्र सेकंदाला शून्यापासून काही शे स्पंद एवढाच पल्ला. फरकच सांगायचा असला तरी कोणत्या पातळीभोवतीचा, हे ठरवावे लागणारच.

पेशीवेल्हाळ

ते ठरवणे म्हणजेच अनुकूलन, आणि त्याचा मोठा भाग दृष्टिपटलातच उरकतो. पार्श्वप्रकाश वाढला की पेशीची संवेदनशीलता घटते. मध्यम उजेडात ती जवळपास त्याच प्रमाणात घटते, त्यामुळे पातळी दसपट झाली तर उत्तर मिळण्यासाठी लागणारी वाढही साधारण दसपट होते. वेबरचा नियम म्हणून मानसशास्त्रात जो सांगतात तो येथे एकट्या पेशीत दिसतो. (साक्मान आणि क्रॉयट्सफेल्ट यांनी १९६९ मध्ये मांजराच्या दृष्टिपटलाच्या प्रकाश-अनुकूलनावर काम केले. हेच बर्ट साक्मान पुढे पेशीपटलातील आयन-मार्गांच्या कामासाठी १९९१ च्या नोबेलचे मानकरी झाले, हे पुष्कळांना ठाऊक नसते.)

अंधार जसजसा गडद होतो तसतशी पेशीची रचनाच बदलते. बार्लो, फिट्झह्यू आणि कफ्लर यांनी १९५७ मध्ये दाखवले की दीर्घ काळ अंधारात राहिल्यावर कड्याचा विरोध मावळतो आणि पेशी मोठ्या परिसरातला उजेड नुसता गोळा करू लागते. याला अर्थ आहे. उजेडाचे कण मोजकेच येत असताना शेजाऱ्याचे वजा करत बसणे परवडत नाही. बार्लो, लेविक आणि यून यांनी १९७१ मध्ये अंदाज काढला की अशा स्थितीत शोषला गेलेला एकच प्रकाशकण गँग्लियन पेशीत सरासरी दोन-तीन जादा स्पंद निर्माण करतो. शलाकांचा हा मंद उजेडाचा रस्ता वेगळा आहे: शलाका, त्यांची स्वतःची द्विध्रुवी पेशी, मग एआयआय नावाची अमॅक्राइन (दृष्टिपटलातील दुवा जोडणारी) पेशी, आणि तेथून तो शंकूंच्या ऑन-ऑफ मार्गांत शिरतो. ही जोडणी कोल्ब आणि फॅमिलिएटी यांनी १९७४ मध्ये मांजराच्याच दृष्टिपटलात वर्णिली.

मृगशीर्ष

आतापर्यंत सर्व चर्चा प्रत्यक्ष उजेडाची झाली. पण आपल्याला भासतो तो उजेड वेगळा असतो. तीच राखाडी चौकट काळ्या पार्श्वभूमीवर उजळ आणि पांढऱ्या पार्श्वभूमीवर मळकट दिसते. चौकटीतून येणारा प्रकाश तर तोच. याचे उत्तरही कफ्लर यांच्या कड्यातच आहे, असे समजावे का?

तटस्थ निरीक्षक

पाठ्यपुस्तकांत बहुधा तसेच सांगतात, परंतु मांजरावरील प्रयोगांनी ते स्पष्टीकरण अपुरे ठरवले आहे, आणि माझ्या मते या विषयातील सर्वांत रोचक काम हेच आहे.

रॉसी, रिटनहाउस आणि पॅराडिसो यांनी १९९६ मध्ये मांजराच्या प्राथमिक दृश्य बाह्यकातील पेशी निवडल्या. पेशीचे ग्राहक क्षेत्र पूर्णपणे एका मोठ्या राखाडी पट्ट्याच्या आत बसेल अशी मांडणी केली आणि त्या पट्ट्याची दीप्ती स्थिर ठेवली. बदलत ठेवल्या त्या केवळ दोन्ही बाजूंच्या, क्षेत्राबाहेर पडणाऱ्या पट्ट्या. त्या आलटून पालटून उजळत आणि काळवंडत. माणसाला अशा चित्रात मधला स्थिर पट्टाच उलट्या लयीत उजळताना-मावळताना भासतो. बाह्यकातील अनेक पेशींनी नेमकी तीच लय दाखवली, जरी त्यांच्या क्षेत्रावर पडणारा उजेड तसूभरही बदलत नव्हता.

शेजारच्या पट्ट्यांचा विखुरलेला प्रकाश क्षेत्रात शिरत असेल, अशी शंका येथे घेता येते. त्यासाठी मधला पट्टा काळा ठेवून बाजूच्या पट्ट्या तशाच बदलून पाहिल्या गेल्या. त्या स्थितीत माणसाला मधल्या भागात बदल भासत नाही, आणि तेथे पेशींचाही प्रतिसाद ओसरला. रॉसी आणि पॅराडिसो यांनी १९९९ मध्ये नेत्रमार्गातील तंतू, जेनिक्युलेट केंद्रक आणि बाह्यक या तिन्ही पातळ्यांची तुलना केली. भासणाऱ्या उजेडाशी सातत्याने जुळणारे उत्तर बाह्यकातच मिळाले. कफ्लर यांचे कडे ग्राहक क्षेत्राच्या लगतच संपते, तर हा परिणाम कितीतरी दूरवरून येतो. शिवाय तो संथ आहे. माणसात बाजूच्या पट्ट्या सेकंदाला दोन-तीन वेळांपेक्षा जलद बदलू लागल्या की भास जवळपास नाहीसा होतो, मात्र खरोखर लुकलुकणारा उजेड आपण त्याहून कितीतरी वेगाला ओळखतो. दृष्टिपटलातील कड्याचा विरोध इतका मंद नसतो.

अर्धविराम

ऑन आणि ऑफ या दोन बाजू परस्परांच्या आरशातल्या प्रतिमा आहेत, असे गृहीत धरूनच आपण सारे लिहीत आहोत. म्हणजे उजेड वाढणे आणि तितकाच घटणे, दोन्हींना सारखेच वजन?

पेशीवेल्हाळ

नाही, आणि तेथेही मांजराने चकवले आहे. होजे-मॅन्युएल अलोन्सो यांच्या गटाने २००८ पासून दाखवले आहे की मांजराच्या प्राथमिक दृश्य बाह्यकात थॅलॅमसकडून येणारे ऑन आणि ऑफ तंतू वेगवेगळे पुंजके करून बसतात आणि दृश्यक्षेत्राच्या मध्याजवळच्या भागात ऑफ बाजूचे पारडे जड असते. याच गटाच्या २०११ च्या मोजणीत गडद ठिपक्याचा संदेश उजळ ठिपक्याच्या संदेशापेक्षा काही सहस्रांश सेकंद आधी पोचत असल्याचे दिसले. २०१४ मध्ये त्यांनी त्याची एक बाजू आणखी उलगडली: गडद पार्श्वभूमीवर उजेड थोडासा वाढवताच ऑन पेशींचा प्रतिसाद झपाट्याने चढतो आणि लवकरच शिगेला पोचतो, तर ऑफ पेशींचा प्रतिसाद उजेड घटण्याच्या प्रमाणात बराचसा सरळ रेषेत चढतो. परिणामी उजळ वस्तू अंधारात फुगल्यासारखी होते आणि गडद वस्तूचे तपशील अधिक स्पष्ट राहतात. गॅलिलिओला नुसत्या डोळ्यांनी शुक्र गुरूपेक्षा मोठा दिसे आणि दुर्बिणीतून गुरू मोठा. त्या जुन्या कोड्याचा धागा या संशोधकांनी थेट येथे जोडला.

कोनाडा

उत्तम. एक राहिलेला दुवा जोडतो. पातळीशी जुळवून घेणे आणि कॉन्ट्रास्टशी (उजळ आणि गडद यांतल्या तफावतीशी) जुळवून घेणे ही एकच यंत्रणा आहे असे वर कोणाला वाटले असेल, तर त्या दोन वेगळ्या आहेत. शॅप्ली आणि व्हिक्टर यांनी १९७८ मध्ये मांजराच्या गँग्लियन पेशींत दाखवले की सरासरी दीप्ती तीच ठेवून केवळ कॉन्ट्रास्ट वाढवला, तरी पेशी आपली संवेदनशीलता आवरते आणि तिचे उत्तर अधिक चटपटीत होते. हे वाय पेशींत विशेष ठळक असते.

या दोन यंत्रणा एकमेकींच्या कामात ढवळाढवळ करतात का, हे मान्टे, फ्रेझर, बोनिन, गाइसलर आणि करँडिनी यांनी २००५ मध्ये तपासले. आधी त्यांनी निसर्गदृश्यांची छायाचित्रे घेतली, आणि त्यांत एखाद्या जागेची दीप्ती कळल्याने तेथील कॉन्ट्रास्टचा अंदाज जवळपास बांधता येत नाही असे आढळले. मग मांजराच्या जेनिक्युलेट केंद्रकातील पेशींवर दीप्ती आणि कॉन्ट्रास्ट स्वतंत्रपणे बदलून पाहिले. दोन्ही नियंत्रणे एकमेकांपासून जवळपास अलिप्त निघाली, आणि दोन्ही इतकी जलद की नजर एका जागी ठरते तेवढ्या अल्पावधीत त्यांचे काम होते. म्हणून मांजराची नजर सावलीतून उन्हात गेली तरी तेथील कडांविषयी पेशी जे सांगते त्याचा अर्थ फारसा बदलत नाही, आणि उन्हाची पातळी मी वर सांगितलेल्या दुसऱ्या, संथ वाटेने बाहुलीपर्यंत पोचत राहते.